कपाटासमोरची जमीन

लहान बेडरूममध्ये सामान मावेनासं झालं की आधी आठवतं ते आणखी एक कपाट. एखादी भिंत मोकळी दिसते, टेप लावून तिची रुंदी घेतली जाते, आणि कपाट येतं. मग लक्षात येतं की दार पलंगाच्या कडेला अडतंय, ड्रॉवर अर्धाच बाहेर येतोय, आणि तळाच्या कप्प्यातलं काही काढायचं तर पलंगावर पालथं पडावं लागतंय. असं कपाट भरतं पटकन, वापरलं मात्र जात नाही. त्यात गेलेली वस्तू वर्षभर दिसत नाही, म्हणून दुसरी विकत घेतली जाते.

कपाटाची खोली ६० सेंटिमीटर असते, हे सगळे मोजतात. त्याच्यासमोर पल्ला उघडायला, ड्रॉवर ओढायला आणि माणसाला वाकायला लागणारी आणखी ६० ते ७० सेंटिमीटर जमीनही त्या कपाटाचीच असते. ती कुणी मोजत नाही. लहान बेडरूमचं सगळं गणित या दुसऱ्या पट्ट्यावर बसतं किंवा फसतं.

उदाहरण घेऊ. बेडरूम ३०० बाय २७० सेंटिमीटर, म्हणजे साधारण १० फूट बाय ९ फूट. पलंग २०० बाय १५०. उशाकडची बाजू २७०च्या भिंतीला लावली तर पायथ्याशी १०० सेंटिमीटर उरतात. समोरच्या भिंतीला ६०चं कपाट उभं केलं की मधे राहतात ४०. त्यात ४५चा पल्ला उघडणार नाही, ५०चा ड्रॉवर तर नाहीच. आणि गंमत म्हणजे पलंगाच्या डाव्या-उजव्या अंगाला साठ-साठ सेंटिमीटर जमीन नुसती पडून राहते. आता पलंग फिरवा आणि उसं ३००च्या भिंतीला घ्या. पायथ्याशी ७० उरले, तेवढे चालायला पुरतात. आडव्या ३००मधून पलंगाचे १५० आणि कपाटाचे ६० गेले, की एका जागी सलग ९० हाती येतात. झोपणारं माणूस एकच असेल तर पलंग सरळ बाजूच्या भिंतीला टेकवावा आणि सगळे ९० कपाटापुढे घ्यावेत. दोघं असतील तर भिंतीकडे ३० ठेवावेत, तेवढ्यात अंग चोरून जाता येतं, चादरही खोचता येते. कपाटापुढे मग ६० राहतात. सामान तेच, क्षेत्रफळ तेच, फक्त मोकळी जमीन तुकड्या-तुकड्यांत विखुरण्याऐवजी लागते तिथे गोळा झाली.

ही मांडणी प्रत्यक्ष पलंग ओढून करायची नसते. आलेखाच्या कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे २० सेंटिमीटर धरून बेडरूम काढावी. वरच्या मापाची बेडरूम १५ बाय साडेतेरा सेंटिमीटरची येते. पलंग, कपाट, टेबल यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापावेत. कपाटाच्या तुकड्याला पुढे ६० सेंटिमीटरचा, म्हणजे कागदावर ३ सेंटिमीटरचा, पट्टा वेगळ्या रंगात जोडूनच कापावा. दरवाजा ८०चा असेल तर त्याचा पाव वर्तुळाचा तुकडाही कापावा. आता तुकडे सरकवताना नियम एकच पाळायचा: रंगीत पट्टा दुसऱ्या रंगीत पट्ट्यावर चढला तर चालेल, कारण दोन कपाटं एकाच वेळी उघडून कुणी उभं राहत नाही. पण रंगीत पट्ट्यावर सामानाचा तुकडा आला, तर ती मांडणी बाद. खिडकीची झडप आत उघडत असेल, तर तिचंही वर्तुळ काढावं. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे बरेच घोटाळे इथेच संपतात.

मापं घेताना भिंती सरळ आहेत असं धरू नये. रुंदी तीन उंचींवर घ्यावी: जमिनीलगत, कंबरेपाशी आणि छताजवळ. तिन्ही आकडे क्वचितच जुळतात, म्हणून कपाट सगळ्यांत लहान आकड्याला करायचं आणि उरलेली फट कडेच्या पट्टीने झाकायची. ही पट्टी निदान ४-५ सेंटिमीटरची ठेवावी, म्हणजे भिंतीलगतचा पल्ला मूठ न आपटता पूर्ण उघडतो. भिंतीच्या पायथ्याची स्कर्टिंग एक-दीड सेंटिमीटर पुढे आलेली असते, तीही धरावी. आणि तयार कपाट आणणार असाल तर उंचीचं एक माप हमखास विसरलं जातं. २४० उंच आणि ६० खोल कपाट आडवं आत आणून उभं करताना ते कर्णावर फिरतं, आणि तो कर्ण साधारण २४७.४ सेंटिमीटर भरतो. छत २४५वर असेल तर कपाट जागेवर मावतं, पण उभं करता येत नाही. अशा वेळी ते खालचं आणि वरचं अशा दोन भागांत हवं.

सरकत्या दारांबद्दल फार आशा बाळगली जाते. सरकत्या दाराने पल्ल्याची फिरण्याची जागा वाचते, उभं राहण्याची वाचत नाही. समोर ४० सेंटिमीटरच असतील, तर सरकतं दार उघडेल, पण खालच्या कप्प्यापर्यंत वाकणार कसं? शिवाय दोन पल्ले एकमेकांमागून जायचे म्हणून रूळ ७ ते १० सेंटिमीटर खातात, त्यामुळे कपाट ६०ऐवजी ६७ ते ७० खोल होतं. दोन पल्ल्यांच्या कपाटात एका वेळी निम्मंच दिसतं, आणि दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या पट्ट्यामागे आतला ड्रॉवर बसवला तर तो कधीच पूर्ण बाहेर येत नाही. समोर ५०-५५ सेंटिमीटर असतील आणि आत बहुतेक टांगायचे कपडे असतील, तर सरकतं दार योग्य. एरवी ४० ते ४५ रुंदीचे बिजागरीचे अरुंद पल्ले बरे. साठ रुंदीचा पल्ला मात्र लहान बेडरूममध्ये घेऊच नये. तो उघडला की माणूस पलंग आणि पल्ला यांच्यामधे कोंडतो.

त्याहून जास्त फायदा कपाटाची खोली कमी करण्यात आहे. हँगर ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर खांद्याचा फुगवटा धरला तर आत ५३ ते ५५ मोकळे लागतात. कपाट ६०चं होतं ते यामुळे. घडीच्या कपड्यांना एवढ्या खोलीची गरजच नाही. ६० खोल फळीवर घडीच्या चळतींच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग दृष्टीआड जाते. ३५ ते ४० खोल फळीवर एकच रांग बसते, सगळी दिसते, आणि मागची रांग तसंही कुणी वापरत नसल्याने गमावत काहीच नाही. म्हणून २४० लांबीच्या भिंतीवर सगळं कपाट ६० खोल करण्यापेक्षा टांगायचा भाग ९० ते १०० सेंटिमीटर लांब आणि ६० खोल ठेवावा, आणि उरलेलं ४०चं करावं. पुढची २० सेंटिमीटर जमीन परत मिळते. प्लायचा पूर्ण तक्ता २४४ बाय १२२चा असतो. त्याच्या रुंदीतून करवतीची रुंदी वजा जाता ६०च्या दोन किंवा ४०च्या तीन पट्ट्या जवळपास वाया न घालवता निघतात, तेव्हा सुतारालाही ही मापं सोयीची. ४५-५० खोली ठरवली तर तक्त्याचा मोठा तुकडा उरतो.

पोटात किती मावतं याचाही हिशोब एकदा करून पाहावा, कारण अंदाज आणि आकडे जुळत नाहीत. २१० उंच, २४० लांब, ६० खोल कपाटाचं आकारमान तीन घनमीटरच्या जरा वर जातं. त्याच कपाटावर छतापर्यंत ६० सेंटिमीटर मोकळे असतील, तर ती जागा ०.८६ घनमीटर भरते. आणि २०० बाय १५०च्या पेटीच्या पलंगात २५ सेंटिमीटर उंची धरली तर ०.७५, त्यातूनही चौकट आणि आडव्या पट्ट्यांची जागा जाते. म्हणजे पलंगाखालच्या पेटीचं एवढं कौतुक होतं, पण कपाटाच्या डोक्यावर तिच्याहून जास्त जागा धूळ खात असते. ती बंद करून माळा करावा, उघडी ठेवू नये. उघड्या जागेवर खोकी चढतात आणि खोक्यांवर धूळ, आणि ती खाली येते ती थेट अंथरुणावर.

माळ्याचे पल्ले ठरवण्याआधी मान वर करून पंखा बघावा. वरच्याच बेडरूममध्ये पंखा बरोबर मधे आहे, म्हणजे कपाटाच्या भिंतीपासून १५०वर. १२० सेंटिमीटर व्यासाच्या पंख्याचं पातं भिंतीपासून ९०पर्यंत येतं. कपाटाचा दर्शनी भाग ६०वर आहे, मधे राहिले ३०. माळ्याचा पल्ला ४५चा असेल तर उघडल्यावर तो १०५पर्यंत येतो आणि पंख्याच्या समोरचा पल्ला थेट पात्यांच्या वाटेत उभा राहतो. पंखा बंद करूनच माळा उघडायचा, हा उपाय ठरवायला सोपा आहे आणि घाईत विसरायलाही. त्यापेक्षा पंख्यासमोरचे माळ्याचे पल्ले २५-२८ रुंदीचे करावेत, किंवा तेवढा भाग सरकता ठेवावा, नाहीतर लहान पात्यांचा पंखा बसवावा. वर उचलायचे पल्ले इथे आणखी वाईट, कारण ते उघडे राहतात आणि डोळ्यांसमोर नसतात. भिंतीवर एसी असेल तर त्याच्या वरची आणि बाजूची मोकळी जागा माळ्यात ओढू नये. त्याला हवा आत घ्यायला आणि दुरुस्तीला हात घालायला वाट लागते.

आता आतली रचना. ती कपाटवाल्याच्या नमुन्यावरून करू नये, कपड्यांवरून करावी. आहेत ते सगळे कपडे पलंगावर काढून चार आकडे लिहायचे: टांगायचे आखूड कपडे किती, टांगायचे लांब किती, घडीच्या चळतींची एकूण उंची किती, आणि पांघरुणं-रजया किती. पातळ हँगरवर एक शर्ट दांडीवर अडीच ते तीन सेंटिमीटर खातो, जॅकेट पाच-सहा. त्यामुळे १०० सेंटिमीटरच्या दांडीवर ३५ शर्ट सुखाने राहतात. त्यापुढे कोंबले तर इस्त्री मोडते आणि एक काढताना तीन खाली पडतात. जाड लाकडी हँगर काढून पातळ लावले तर त्याच दांडीवर चांगलीच जागा निघते, आणि खरं तर सगळ्यांत आधी करायचं काम हेच. सुतार बोलवायचीही गरज नाही.

आखूड कपड्यांना दांडीपासून खाली साधारण १०० सेंटिमीटर लागतात, लांब कोटाला किंवा पायघोळ ड्रेसला १४० ते १५०. म्हणजे आखूड कपड्यांच्या भागात दोन दांड्या एकाखाली एक बसतात: खालची तळापासून १०० ते १०५वर, वरची २०५वर. एकाच दांडीखाली मीटरभर हवा ठेवणारी कपाटं पुष्कळ दिसतात. ती दिसायला ऐसपैस आणि वापरायला उधळी. उंची कमी असलेल्यांना २०५ची दांडी हाताला येत नसेल, तर खाली ओढता येणारी दांडी मिळते, किंवा तिथे क्वचित लागणारे कपडे टांगावेत. दांडी पोलादी, २५ मिलिमीटर व्यासाची असावी आणि मीटरपेक्षा लांब असेल तर मधे आधार हवा. वरच्या फळीपासून ती ४-५ सेंटिमीटर खाली ठेवावी, नाहीतर हँगरचा आकडा उचलून काढायला जागाच उरत नाही.

घडीची चळत २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत उभी राहते. त्यावर गेली की कलते आणि खालचा कपडा ओढला की कोसळते. तेव्हा फळ्यांमधलं अंतर ३०च्या आसपास ठेवावं. ४५-५० अंतराच्या फळ्या केल्या, तर वरचं वीतभर रिकामं राहतं किंवा चळत पडत राहते. पण सगळ्या फळ्या ठोकून पक्क्याही करू नयेत. कपाटाच्या बाजूंना ५ मिलिमीटरची भोकं ३२ मिलिमीटर अंतराने, दर्शनी कडेपासून ३७ मिलिमीटर आत, अशी ओळ पाडून घ्यावी. कपाटांच्या कारखान्यांत रूढ झालेली ही मापं आहेत, त्यामुळे खुंट्या आणि इतर जोडसामान त्यात सहज बसतं आणि पुढे फळी वर-खाली करता येते. मधली एक फळी मात्र पक्की हवी, नाहीतर उंच कपाटाच्या बाजू बाहेर फुगतात.

फळी वाकते याचं खापर बहुतेक वेळा प्लायवर फुटतं, आणि दोष असतो लांबीचा. सारख्या दाटीने भरलेल्या फळीचा झोक, म्हणजे मधे खाली येणारा बाक, लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. ६०ची फळी ९०ची केली तर लांबी दीडपट होते, झोक पाचपट. जाडीचा परिणाम तिसऱ्या घातात आहे, म्हणून १२ मिलिमीटरची फळी १८च्या फळीपेक्षा सुमारे साडेतीनपट जास्त वाकते. कपड्यांसाठी १८ मिलिमीटरच्या प्लायला ७५ ते ९० सेंटिमीटर चालतात, पार्टिकल बोर्डाला (लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता) ६०च्या पुढे जाऊ नये. पुस्तकं ठेवणार असाल तर प्लायलाही ६०च धरावेत. ९० सेंटिमीटर भरून पुस्तकं २५-३० किलोपर्यंत सहज जातात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला तक्ता) यांचं आणखी एक आहे. पहिल्या दिवशी ते सरळ दिसतात आणि त्याच वजनाखाली महिनोन्‌महिने हळूहळू खचत राहतात. फळी आधीच लांब केलेली असेल, तर तिच्या दर्शनी कडेला खालून ४० मिलिमीटर उंचीची सागवानी किंवा दुसऱ्या टणक लाकडाची उभी पट्टी गोंद आणि स्क्रूने लावावी. दिसायला फळी जाड दिसते, आणि झोक लक्षात येण्याइतका कमी होतो.

ड्रॉवर तळाला, कंबरेच्या खाली. कंबरेखालची फळी बघायला वाकावं लागतं आणि तरीही मागचं दिसत नाही. ड्रॉवर मात्र स्वतःच बाहेर येतो आणि वरून दिसतो. नेहमीच्या बॉल-बेअरिंगच्या चॅनेलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्टीला) प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर लागतात, म्हणजे आतल्या मोकळ्या रुंदीतून २५-२६ मिलिमीटर वजा करून ड्रॉवरची पेटी करायची. पेटी दोन मिलिमीटर मोठी झाली तर ड्रॉवर अडकत चालतो, तेवढीच लहान झाली तर चॅनेल सैल पडून खडखडतो. अंतर्वस्त्रं आणि मोज्यांसाठी आतली उंची १० ते १२ पुरते, घडीचे कपडे उभे लावायचे तर १६ ते १८, स्वेटरला २५. ६०पेक्षा रुंद ड्रॉवरचा तळ ४ मिलिमीटरच्या प्लायचा केला तर तो पोट काढतो आणि खालच्या ड्रॉवरला घासतो. तिथे ६ नाहीतर ९ लावावा.

पल्ल्याआड ड्रॉवर असेल तर एक चूक इतकी सर्रास होते की ती सुतारकामाची परंपराच वाटावी. पल्ला ९० अंशांत उघडल्यावर त्याची जाडी आणि बिजागरीचा काही भाग आतल्या मोकळ्या रुंदीत येतो, आणि ड्रॉवर पल्ल्याच्या कडेला आपटून थांबतो. लहान बेडरूममध्ये पल्ला पलंगामुळे पूर्ण मागे जातच नाही, त्यामुळे हा त्रास इथेच जास्त. उपाय दोन आहेत. बिजागरीच्या बाजूला ३० ते ४० मिलिमीटरची भरणीची पट्टी लावून ड्रॉवर आत सरकवायचा, किंवा १५५ अंशांहून जास्त उघडणारी बिजागरी घ्यायची. दुसरा उपाय तेव्हाच, जेव्हा पल्ल्याला तेवढं फिरायला समोर जमीन आहे.

बिजागऱ्यांची संख्या पल्ल्याच्या उंचीवरून ठरते: ९० सेंटिमीटरपर्यंत दोन, १६०पर्यंत तीन, दोन मीटरला चार. अडीच मीटरचा अखंड पल्ला करण्याचा मोह टाळावा. खालचा २१० आणि माळ्याचा वेगळा बरा. उंच पल्ले वाकतात त्याचं एक कारण बाहेरून लॅमिनेट आणि आतून नुसता रंग. एका बाजूचा प्लाय दमट हवेत ओल घेतो, दुसऱ्या बाजूचा घेत नाही, आणि पल्ला धनुष्यासारखा बाक घेतो. आतूनही लॅमिनेट लावलंच पाहिजे. पातळ, पांढरं, साधं चालेल. पांढरं असलं की दिवा न लावताही मागच्या फळीवरचं दिसतं, हा वरचा फायदा.

पल्ले हवेतच का, हाही प्रश्न विचारावा. समोर ४५ सेंटिमीटरच असतील, तर टांगायच्या कपड्यांपुढे जाड पडदा सगळ्यांत कमी जागा खातो. धूळ थोडी जाते. ज्या घरात खिडकी दिवसभर उघडी असते आणि बाहेर रस्ता आहे, तिथे हा सल्ला लागू नाही.

पलंगाची पेटी. ड्रॉवरचा पलंग की उचलून उघडणारा, हे पुन्हा समोरच्या जमिनीवर ठरतं. ५०चा ड्रॉवर ओढायला ५० आणि त्यामागे माणूस, म्हणजे बाजूला ९०-१०० हवेत. ते वरच्या बेडरूममध्ये एकाच बाजूला आहेत आणि तेही झोपणारं माणूस एकच असेल तर. उचलणारा पलंग जमीन मागत नाही, पण त्याची कुरकुर वेगळी असते. १५० बाय २००ची स्प्रिंगची गादी ३५ ते ४५ किलोची असते, त्यात झाकणाचा प्लाय आणि चौकट मिळवली की ६०-७० किलो उचलायचे असतात. ते काम गॅसचे दट्टे करतात. त्यांची ताकद गादीसकट धरून निवडलेली असते, म्हणून ते बसवल्यावर गादी न ठेवता झाकण मिटायला गेलात तर मिटत नाही. दट्टा बिघडला असं वाटतं, तसं नसतं. उलट काही वर्षांनी जड गादी बदलून हलकी फोमची आणली, तर झाकण आपोआप वर तरंगू लागतं. मग कमी ताकदीचे दट्टे लावावे लागतात. दट्ट्यातला दाब वर्षांनुवर्षं कमी होत जातो, आणि एक गेला की दोन्ही बदलावेत, नाहीतर झाकण पीळ खाऊन बिजागरीचे स्क्रू उपटतं. मुलं असलेल्या घरात झाकण अर्ध्यावर थांबत नाहीसं झालं, त्या दिवसापासून पेटी वापरणं बंद ठेवावं.

झाकणाचा प्लाय अखंड ठेवू नये. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ जाते, ती गादीतून खाली उतरते आणि अखंड प्लायवर थंड होऊन अडते. काही महिन्यांत गादीच्या पाठीवर काळे ठिपके. २५ ते ३० मिलिमीटरची भोकं २०-२५ सेंटिमीटर अंतराने पाडावीत किंवा पट्ट्यांची जाळी करावी. पेटीत काय ठेवायचं? पांघरुणं, गाद्यांच्या खोळी, हंगामाबाहेरचे कपडे, रिकाम्या बॅगा. बॅगा एकात एक घालून ठेवतात तसं न करता मोठ्या बॅगेतच लोकरी कपडे भरून ठेवावेत. बॅग हा आयताच झाकणाचा डबा आहे. रोजचं काही पेटीत गेलं की आठवड्याभरात ते पलंगावर नाहीतर खुर्चीवरच्या ढिगात सापडतं, कारण त्यासाठी अंथरूण कुणी उचलत नाही.

हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या रजयांना उपयोगी. आकार निम्म्याहून कमी होतो. वजन तेवढंच राहतं, हे माळ्यावर चढवताना कळतं. पिसांच्या रजया आणि जाड लोकर त्यात वर्षभर दाबून ठेवली तर फुलायला वेळ लागतो, कातडं तर घालूच नये. आणि पिशवी बंद करण्याआधी कपडा हाताला कोरडा लागतो एवढं पुरत नाही. उन्हात किंवा कोरड्या हवेत आणखी एक दिवस काढावा, कारण आत अडकलेली ओल बाहेर जायला वाट नसते.

ओलीचा प्रश्न कपाटालाही आहे. बाहेरच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला कपाट चिकटवून लावलं की मागची हवा हलत नाही, भिंत गार राहते, आणि तिथली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशी धरते. मागे ३ ते ५ सेंटिमीटर सोडावेत आणि खालून-वरून हवेला वाट ठेवावी. भिंतीत बांधून घेतलेल्या कपाटात हे जमत नाही, म्हणून तिथे तळाशी आणि माळ्याखाली जाळीची भोकं. कपाट जमिनीवर थेट टेकवू नये. ७ ते १० सेंटिमीटरचा पाया किंवा पाय हवेत, नाहीतर रोजच्या फरशी पुसण्याने पार्टिकल बोर्डाची खालची कड फुगते.

कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला. नुकसान करते ती अळी, उडणारा पतंग नव्हे, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग तिला आधी सापडतात. त्यामुळे न धुता ठेवलेला स्वेटर हे आमंत्रणच. डांबरगोळ्यांची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून त्या टाकायच्याच तर वर ठेवाव्यात. पण ज्या कपाटाशेजारी रोज आठ तास झोपायचं, त्यात त्या नकोतच, आणि तान्हं बाळ असेल तर अजिबात नकोत. धुऊन, वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणं पुरतं. शंका असेल तर कपडा बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावा.

कोपऱ्यात दोन कपाटं काटकोनात भेटली की ६० बाय ६०चा एक खांब दोघांच्याही हाताबाहेर जातो. फिरत्या फळ्या वगैरे बसवून तो कामात आणता येतो, पण बेडरूममध्ये तो खटाटोप वाजवी वाटत नाही. एक कपाट कोपऱ्यापर्यंत न्यावं, दुसरं अलीकडे थांबवावं आणि मधल्या फटीत इस्त्रीचं टेबल, शिडी असं उभं सामान ठेवावं. उशामागे २०-२५ खोलीचं कपाट चांगलं, फक्त त्याच्यावरची फळी गादीपासून निदान ९० ते ९५ उंचीवर हवी, नाहीतर उठून बसताना डोकं आपटतं. उशावर जड काही नको, मग फळी कितीही पक्की असो.

उंच आणि अरुंद ड्रॉवरचं कपाट भिंतीला बांधलंच पाहिजे. दोन ड्रॉवर एकदम ओढले की तोल पुढे जातो. मूल त्यांचा जिना करतं. अमेरिकेत २०२३पासून २७ इंच आणि त्याहून उंच अशा कपड्यांच्या कपाटांना न उलटण्याची चाचणी सक्तीची झाली, ती अशाच मृत्यूंमुळे. काँक्रीट किंवा विटेच्या भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, तेवढ्याच मापाची गिट्टी (स्क्रू धरणारी प्लास्टिकची खुंटी) आणि लोखंडी कोन, दोन्ही बाजूंना. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल चालवू नये, तारा तिथूनच गेलेल्या असतात. जिप्समच्या भिंतीत साधी गिट्टी धरत नाही. आतली पट्टी शोधावी किंवा मागे उघडणारा बोल्ट वापरावा.

सगळं बसल्यावर दोन-तीन महिन्यांत, विशेषतः दमट हंगाम गेल्यावर, पल्ल्यांमधल्या फटी वेड्यावाकड्या दिसू लागतात. बिजागरीवर साधारण तीन जागी फेरफार करता येतो: एका स्क्रूने पल्ला डावीकडे-उजवीकडे सरकतो, दुसऱ्याने आत-बाहेर, तिसरा वर-खाली घेतो. एका वेळी अर्धा फेरा, आणि वरच्या बिजागरीपासून सुरुवात. तिन्ही फिरवूनही फट वर रुंद आणि खाली अरुंदच राहत असेल, तर पल्ल्याला बोल लावू नये. पाणसळ कपाटाच्या तळावर आडवी ठेवून पाहावी. बहुतेक वेळा एक कोपरा दोन-तीन मिलिमीटर खचलेला असतो. त्या पायाचा स्क्रू वर घ्यावा, स्क्रू नसेल तर पातळ पाचर सारावी, आणि मगच बिजागऱ्या पुन्हा मूळ जागी आणाव्यात.